तिसऱ्या हाकेला

हाक मारल्यावर ओ न देणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. बहिरा म्हणाल तर तसं नव्हतं. कान इतके तिखट, की मी फाटकाबाहेर चप्पल काढायला लागलो की आतून सुनेला चहा टाकायला सांगायचे. पण ओ द्यायची ती तिसऱ्या हाकेला, हा त्यांचा नियम. दाराची कडी तीनदा वाजावी लागे. फोन दोनदा वाजून बंद पडे, तिसऱ्यांदा लावला की लगेच "बोला पाव्हणं". मी काष्टीच्या बाजारात जुन्या पोत्यांचं बारदान विकून वर आलेला माणूस. आमच्या धंद्यात पहिल्या हाकेला वळतं ते आपलं गिऱ्हाईक, आणि दुसऱ्या हाकेपर्यंत थांबतं ते शेजारच्या गाळ्याचं. अशा मला देवाने असा व्याही दिला.

माझ्या सुमनचं त्यांच्या मुलाशी जुळवायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मी विचारलं, मुलगी पसंत आहे का? हे आढ्याकडे बघत बसले. पुन्हा विचारलं. पुन्हा आढं. माझं डोकं सणकलं. उठलो, पायात चपला घातल्या आणि बायकोला म्हणालो, "चल गं, मुक्याच्या घरात पोर द्यायची न्हाई." बायको माझ्यापेक्षा शहाणी. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "गुरुजी, सांगा की काय ते." तर हे शांतपणे म्हणाले, "पसंत हाय. पहिल्यापास्नंच पसंत हाय. पाव्हणं उठले का पण?"

गुरुजी म्हणजे झेडपीच्या शाळेतले गुरुजी. वर्गात हजेरी घेताना ते प्रत्येक पोराचं नाव तीनदा घेत, आणि पोरांनी "हजर" म्हणायचं ते तिसऱ्यांदा. अर्धी सकाळ हजेरीत जायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा वैतागून विचारलं, की एका हाकेत का भागत नाही? गुरुजी म्हणाले, "साहेब, पहिल्याच हाकेला हजर आलं तर मला पोरं पुन्हा मोजावी लागतात." साहेब हसले. मग गुरुजी हसत नाहीत हे बघून त्यांनी स्वतःच एकदा पोरं मोजली, आणि चहा न घेता गेले म्हणतात.

हे खूळ त्यांच्या एकट्याचं नव्हतं. कर्जतच्या अलीकडे त्यांचं गाव. सगळ्या गावाची समजूत अशी, की जिवंत माणूस तीनदा हाक मारतो. दुसरं जे काही शिवारात असतं त्याला एकदा जमते, फार तर दोनदा. गावाबाहेर मुरमाचा एक बोडका माळ आहे, त्यावर चार उभे दगड. त्याला हाकेचा माळ म्हणतात. गावचा माणूस ऊसतोडीला, फौजेत, नाहीतर शहरातल्या दवाखान्यात मेला, तर भरदुपारी माळावर जाऊन त्याला तीन हाका मारायच्या आणि मागे न बघता खाली उतरायचं. तो मागोमाग घरी येतो. उलट ओ येत नसते. हाक मारणारा घरचा नको, कारण घरच्याचा आवाज मध्येच फाटतो. सोयरा चालतो.

तो माळ मी विकत घेतला. हे मी लपवत नाही. सातबारा पुण्यात राहणाऱ्या तीन भावांच्या नावावर होता. त्यांना माळ कुठे आहे हेही धड आठवत नव्हतं. मी एका उन्हाळ्यात तिघांना तीन वेगवेगळ्या दिवशी भेटून सौदा उरकला. रस्ता रुंद होणार होता, मुरूम लागणार होता. सौदा चोख होता आणि अजूनही मी तसंच म्हणतो.

जागा दाखवायला गुरुजींना घेऊन गेलो. दुपारचे बारा. मी पावलं मोजत होतो आणि गुरुजी गुडघे चोळत एका दगडाला टेकून माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात ओढ्याच्या अंगाने हाक आली, "बाळ्याऽऽ". या नावाने मला एकच बाई हाक मारायची, आणि आईला जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. माझं तोंड आपोआप उघडलं. आतून ओ निघणार, इतक्यात गुरुजींचा पंजा माझ्या तोंडावर बसला. खडूने खरबरीत झालेला तो हात मला अजून ओठांवर जाणवतो. "थांबा," ते कानाशी म्हणाले. "अजून दोन आल्या तर द्या ओ. मी आडवणार न्हाई."

आम्ही थांबलो. समोरच्या दगडावर एक सरडा मान वर करून ओढ्याकडे बघत होता. वारा पडला होता. दुसरी हाक आली नाही. बऱ्याच वेळाने गुरुजींनी हात काढला आणि म्हणाले, "हं, मोजा आता तुमचा मुरूम." मी वाऱ्याचं काहीतरी बोललो. पावलं किती झाली होती ते मात्र विसरलो होतो.

त्यानंतर गुरुजींनी पत्र लिहिलं. तलाठ्याला नाही, आमदाराला नाही, थेट जिनिव्हाला. तिथे मानवी हक्कांची मोठी कचेरी आहे, आणि कुणाच्या भाषेवर, रीतीवर, जागेवर गदा आली तर जगातल्या कुठल्याही माणसाला तिथे लिहिता येतं, हे त्यांना सुमनने सांगितलं. पत्र गुरुजींनी मराठीत सांगायचं आणि सुमनने इंग्रजीत टाईप करायचं. माझ्याच पोरीने माझ्याविरुद्ध इंग्रजी लिहिलं. ते इंग्रजी शिकवायला मी भर उन्हात बारदानं उचलली होती. हा राग माझ्या मनात आहे, आणि तो जाणार नाही.

त्या कचेरीच्या ओळखीने गुरुजींना कुठल्याशा दूरच्या डोंगरी मुलखातल्या एका बाईंची पत्रं येऊ लागली. त्यांच्याकडेही गेलेल्या माणसाला हाका मारून घरी आणतात, पण चार. मी संधी साधली. म्हटलं, "मग तुमची एक कमी पडतीया गुरुजी."

"त्यांच्या चार दिशांना चार," गुरुजी म्हणाले. "त्यांच्या चार त्यांनी माराव्या, आमच्या तीन आमी. तीनवाल्याच्या अंगणात कुणी शिरलं तर चारवाल्यानं आवाज द्यायचा, चारवाल्याच्या शिरलं तर आमी. एवढ्यासाठीच काढलीया ती कचेरी."

"आणि अंगण विकत घेतलेलं असलं तर?"

"दगड तुमचे हायेत पाव्हणं. हाक तुमची न्हाई."

तिकडून इकडच्या सरकारकडे विचारणा झाली. माळ म्हणजे नेमकं काय, आणि तो खोदल्यावर गावाने हाका कुठून मारायच्या? कागद फिरले आणि माझं काम थांबलं. मी तणतणत व्याह्यांच्या घरी गेलो. फाटकातून तीनदा ओरडावं लागल्यामुळे अर्धा राग तिथेच संपला.

मग सुनावणीचा दिवस आला. सुनावणी संगणकावरून होती. जगभरची माणसं आपापल्या घरात बसून बोलणार, आणि गुरुजींच्या वाट्याला तीन मिनिटं. त्यांनी महिनाभर घड्याळ लावून तालीम केली होती. गुरुजी बोलले नाहीत तर विचारणा तिथेच मिटणार आणि माळ मला खोदायला मोकळा होणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी गेलो. खुर्चीत ताठ बसलेले गुरुजी, धुतलेली टोपी, शेजारी सुमन. पडद्यावरच्या बाईंनी त्यांचं नाव घेतलं. वेडंवाकडं, पण त्यांचंच.

गुरुजी आढ्याकडे बघत राहिले.

"आबा, तुम्हालाच बोलावलं," सुमन कुजबुजली. गुरुजींनी एक बोट वर केलं. पडद्यातून पुन्हा नाव आलं. गुरुजींनी दुसरं बोट वर केलं. "आबा, अहो बोला," सुमन रडकुंडीला आली. मी सौदेबाज माणूस, गप्प बसणं माझ्या फायद्याचं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "बोला की गुरुजी." पडद्यावरच्या बाईंनी कागद उलटला, आणि पुढच्या माणसाचं नाव घेतलं.

गुरुजींनी दोन्ही बोटं हळूच मिटली. "दोनच आल्या," ते म्हणाले. "दोन मारून थांबतं ते काय असतं, तुमाला म्हाईत हाय पाव्हणं." मी पडद्याकडे बघितलं. तिथे तोवर बरेच चेहरे आले होते, आणि एकाचाही आवाज येत नव्हता. सुमनने नंतर पुष्कळ लिहिलं, पण बोलायची वेळ गेली ती गेली. काही महिन्यांनी विचारणा मिटली आणि मला काम सुरू करायची मुभा मिळाली.

माळाच्या पायथ्याला मी मशीन आणून उभं केलं, त्याच आठवड्यात गुरुजींना पुण्याच्या दवाखान्यात हलवलं. चौथ्या दिवशी सकाळी सुमनचा फोन आला. मी पहिल्याच रिंगला उचलला. ती म्हणाली, "दादा, आबा गेले. माळावर हाक तुम्ही मारा. आमच्यात सोयरे तुम्हीच."

भरदुपारी मी एकटा माळ चढलो. बाजारात कमावलेला माझा आवाज, दोन शेतं ओलांडून जाणारा. हाक नाव घेऊन मारायची असते, पण व्याह्यांचं नाव मी जन्मात घेतलं नव्हतं. चार दगडांच्या मध्ये उभा राहिलो आणि मारली, "गुरुजीऽऽ".

"ओ."

लांबून नाही. बैठकीतून उठून दारापर्यंत आलेला माणूस देतो, तेवढ्या अंतरावरून. आयुष्यभर मला तिसऱ्या हाकेपर्यंत तिष्ठत ठेवणाऱ्या या माणसाने एकदाच पहिल्या हाकेला ओ दिली, आणि ती अशी. रीत मोडू नये म्हणून उरलेल्या दोन हाका मी मारल्या. त्यांना उत्तर आलं नाही. माझा आवाजही धड लागला नव्हता. सोयऱ्याचा फाटत नाही म्हणतात.

मागे न बघता उतरायला लागलो. पायथ्याला मशीनवाला बाटलीतून पाणी पीत उभा होता. म्हणाला, "मालक, इतकं दमानं का उतरताय? पाय मुरगाळला का?"

"न्हाई रं," मी म्हणालो. "गुरुजींचे गुडघे दुखतात."

त्याने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. बाटलीचं झाकण लावलं आणि वाट सोडून उभा राहिला, दोन माणसं शेजारी शेजारी जातील एवढी.