अक्कांची पाण्याची भीती

इरा, नचिकेत,

मी सगळं लिहून ठेवणारी बाई आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. गॅसचं सिलिंडर कधी बदललं, कोणत्या डॉक्टरांनी कोणती गोळी बंद केली, नचिकेतचा पहिला दात कधी पडला — माझ्या वह्यांत सगळं सापडेल. ही एक गोष्ट मात्र कोणत्याच वहीत नाही. कुणाच्या कानावरही मी ती घातलेली नाही. तुमच्या आजोबांना कदाचित सांगितली असती, पण ते तेव्हा नव्हते.

तुम्ही मराठी सावकाश वाचता, म्हणून लहान वाक्यं लिहिते. की लहान वाक्यं मलाच हवी आहेत? तसंही असेल.

आधी जहाजाचं सांगते. ते सोपं आहे.

नऊ वर्षं झाली. माझी पासष्टी होती आणि तुमच्या बाबानं मला भूमध्य समुद्राची सफर भेट दिली. जहाज लहान होतं, शंभरेक माणसांचं. मोठी जहाजं शिरू शकत नाहीत अशा बंदरांत ते अलगद जाऊन उभं राहायचं. अथेन्सजवळून निघालो आणि बारा दिवस ग्रीसची बेटं, तुर्कस्तानचा किनारा, क्रीट असं हिंडलो. सकाळी एखादं दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर, दुपारी डेकवरची खुर्ची, संध्याकाळी एक प्राध्यापक दुसऱ्या दिवशीच्या अवशेषांवर बोलायचे. मी पहिल्या रांगेत, वही घेऊन. हिंगोलीच्या पोरांना तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण इंग्रजीत मला कुणी काही शिकवतंय हे सुख विसरूनच गेले होते. जेवणाच्या टेबलावर लोक माझं म्हणणं मान वळवून ऐकायचे. मी तिथं कुणाची आई नव्हते, कुणाची सून नव्हते. मी खूप सुखात होते. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी बारा दिवस डोळे पुसत होते. तसं काही झालं नाही.

खोलीत दोन पलंग होते. खोली आवरायला येणारी बाई रोज दोन्ही पलंगांवर स्वच्छ चादर घालायची आणि दोन्ही उशांवर एकेक चॉकलेट ठेवायची. दुसरा पलंग रिकामा आहे हे तिला दिसत नव्हतं का? दिसत असणारच. खोली दोघींची होती, म्हणून चॉकलेटं दोन.

दुसरं चॉकलेटही मीच खायची.

आता अक्कांबद्दल. तुमची आत्याआजी — तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. लग्नानंतर चार वर्षांत त्यांचे यजमान गेले आणि त्या साखऱ्याला माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. मी त्या घरात सून म्हणून गेले ते पहिलं वर्ष आम्ही साखऱ्याला होतो. पुढं मला हिंगोलीला शाळेत नोकरी लागली, आम्ही इथं आलो, अक्काही आल्या. मी शाळेत जायची, त्या घर बघायच्या. तुमचा बाबा त्यांच्या हातचं खाऊन वाढला. लहानपणी पडला, लागलं, की “आत्या” म्हणूनच ओरडायचा. मी तिथंच उभी असले तरी. ते मला कसं वाटायचं — जाऊ द्या. तुम्ही हुशार आहात.

बाबानं फोनवर सांगितलं होतं की खोली दोघींची आहे, अक्कांना घेऊन जा, त्यांच्या पासपोर्टचं मी बघतो. मी म्हटलं, विचारते.

मी विचारलं नाही.

दोन दिवस गेले. अक्का समोर ज्वारी निवडत बसलेल्या असायच्या आणि मी त्यांच्याकडे त्या जहाजावरच्या माणसांच्या नजरेनं बघायची. त्या सकाळी मिश्री लावायच्या. बशीत चहा ओतून आवाज करत प्यायच्या. हसल्या तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. आणि मला सगळं त्यांना मराठीत सांगत बसावं लागलं असतं — हे काय, ते काय, हा गोरा काय म्हणून राहिला. मला एकदा तरी एकटीनं शिकलेली बाई व्हायचं होतं. तिसऱ्या दिवशी मी बाबाला फोन केला आणि सांगितलं, अक्का नाही म्हणतात. त्यांना पाण्याची भीती वाटते.

इतकंच. एक वाक्य. पण ते कुणाबद्दल होतं, ते तुम्हाला कळायला हवं.

साखऱ्याला मी नवी होते तेव्हा माझ्या माहेरची तांब्याची कळशी माझ्या हातून विहिरीत पडली. लग्नाला आठवडासुद्धा झाला नव्हता. मी काठावर रडत उभी. अक्कांनी लुगड्याचा काचा मारला आणि वरून सरळ विहिरीत उडी घेतली. मला वाटलं, गेल्या. बऱ्याच वेळानं वर आल्या त्या कळशी डोक्यावर घेऊन, हसत. लहानपणी पाठीला वाळके भोपळे बांधून त्या त्याच विहिरीत पोहायला शिकल्या होत्या. सासूबाईंना त्यांनी सांगितलं की कळशी त्यांच्या स्वतःच्याच हातून पडली. हिंगोलीला आल्यावर पोहणं सुटलं. इथं कुठं पोहणार? बाबानं त्यांना कधी पाण्यात पाहिलंच नाही. म्हणून माझं वाक्य त्याला खरं वाटलं.

पाण्याची भीती मला आहे. बादलीभर पाण्यातही मी जपून हात घालते. खोटं बोलायला काहीतरी लागतं ना — मी माझं होतं तेच उचललं आणि त्यांच्या अंगावर टाकलं.

मग तो व्हिडिओ कॉल. इरा, तू सहा वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही. तू विचारलंस की आत्याआजी, तू पाण्याला घाबरतेस म्हणून बोटीवर जात नाहीस का? अक्का सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन धरला होता. मग त्या तुझ्याकडे वळून म्हणाल्या, “व्हय गं माय. लई भेव वाटतंय मला पाण्याचं. तुझी आजी धीराची हाय.”

तू त्यांना धीर दिलास. रबरी ट्यूब घालून तरंगणाऱ्या आत्याआजीचं चित्र काढून पाठवलंस. त्यांनी ते पिठाच्या डब्यावर चिकटवलं. अजून आहे.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी वाळलेले कपडे घड्या घालत होतो. त्या साडीचं एक टोक धरून होत्या, मी दुसरं. त्यांनी विचारलं, “तिकीट दोघींचं होतं का, वैनी?”

मी म्हटलं, हो, पण तुमचे गुडघे, चढ-उतार फार, जेवणाचे हाल झाले असते. एका दमात म्हटलं. त्या म्हणाल्या, “बराबर हाय.” आणि घडी पुरी केली.

निघायला अजून अडीच महिने होते. पासपोर्ट झाला असता, सगळं झालं असतं. मला एवढंच म्हणायचं होतं — अक्का, चला. अडीच महिन्यांत किती वेळा म्हणता आलं असतं? मी एकदाही म्हटलं नाही. त्या मला प्रवासासाठी धपाटे बांधून देत होत्या, शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या, आणि मी बॅगेत काय काय ठेवायचं त्याची यादी करत होते.

जहाजावर त्या दोनदा आठवल्या. दोनदाच, मोजून. एकदा देलोस नावाच्या बेटावर. तिथं पडक्या घरांच्या अंगणात विहिरी आहेत, आणि एका विहिरीच्या दगडी तोंडावर दोर घासून घासून खाचा पडल्या होत्या. साखऱ्याच्या विहिरीला होत्या तशाच. मी फोटो काढला. दुसऱ्यांदा तुर्कस्तानजवळच्या एका खाडीत. जहाज मध्येच थांबलं, मागच्या बाजूनं शिडी सोडली आणि ज्यांना हवं ते समुद्रात पोहायला उतरले. माझ्यापेक्षा मोठ्या बायका धपाधप उड्या मारत होत्या. पाणी इतकं स्वच्छ की त्यांचे पाय दिसत होते. मी टॉवेल मांडीवर घेऊन बसले होते. अक्का असत्या तर काचा मारला असता. त्या सगळ्या गोऱ्या बायका बघत राहिल्या असत्या — आणि माझ्याकडे कुणी बघितलं नसतं.

हे मला तेव्हाच सुचलं. आणि अक्का आल्या नाहीत याचं मला बरंच वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण तसंच होतं.

परत आले तर घरात पुरण शिजत होतं. अक्कांनी गल्लीतल्या बायकांना जेवायला बोलावलं होतं, शेजारच्या शमीमभाभीही आल्या होत्या. काशीहून आलेल्या माणसाचं आपल्याकडे मावंदं करतात, तसं त्यांनी माझं मावंदं घातलं होतं. मी म्हटलं, अहो, ही यात्रा नव्हती, मौजेची सफर होती, देव होते ते परक्यांचे, आणि आता त्यांना कुणी पुजतही नाही. त्या म्हणाल्या, “देव तो देव. कोनाचा का असंना.” आणि उंबऱ्यात माझ्या पायांवर पाणी घातलं. यात्रा करून आलेल्याच्या पाया पडताना वय बघत नाहीत. पाच वर्षांनी मोठ्या माझ्या नणंदेनं सगळ्यांसमोर वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

त्यांच्या मनात टोमणा नव्हता. मी चाळीस वर्षं ओळखत होते त्यांना. त्या खरोखरच नमस्कार करत होत्या. मी पाय मागे घेऊ शकले असते. घेतले नाहीत. सगळ्या बघत होत्या.

नंतर मी फोटो दाखवले. विहिरीचा फोटो त्यांनी डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, “एवढ्या लांब जाऊन हिरच पाहून आल्या का, वैनी?” गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं हसल्या. नंतरची सात वर्षं आम्ही चांगल्या राहिलो. एकत्र टीव्ही पाहिला, लोणची घातली, भांडलो. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मी तर नाहीच. सुखाची सात वर्षं होती ती, आणि आताही मी बरी आहे. दोन भाकरी पचतात. हळदीच्या दिवसांत बाजाराकडून वास येतो, तो मला आवडतो.

दोन वर्षांपूर्वी अक्का गेल्या. बाबा एकटाच येऊ शकला. अस्थी घेऊन आम्ही नांदेडला गोदावरीवर गेलो. सकाळी इरा, तुझा फोन आला होता, तू रडत होतीस. म्हणालीस, “बाबा, तिला खोल पाण्यात नका सोडू. काठावरच सोडा. ती घाबरेल.”

घाटावर नाव तयार होती. नावाडी मधल्या धारेपर्यंत न्यायला निघाला होता. बाबानं त्याला हातानंच नको म्हटलं. पँट दुमडली आणि शेवटच्या पायरीवर उतरला, घोट्याएवढ्या पाण्यात. मग मागे वळून मला विचारलं, “आई, इथंच सोडू ना?”

मी वरच्या पायरीवर उभी होते. मी म्हटलं, “हो. इथंच.”

तिथं पाणी वाहत नव्हतं. आदल्या दिवशीची फुलं तशीच साचून होती. बाबाला हातानं पाणी ढकलावं लागलं, बराच वेळ.