ताईंचा मंडप

आमच्या टेस्टिंगच्या ताईंचा कशावरही पटकन विश्वास बसत नसे. हिंजवडीच्या ऑफिसात त्या सॉफ्टवेअर तपासत आणि रविवारी डोंगरावर जेवायला बसण्याआधी सावली तपासत. पावसाळी पोंचो, म्हणजे टोपीवाला ऐसपैस रेनकोट, दोन झाडांमधल्या दोरीवर टाकायचा, टोपीचं तोंड सुतळीनं आवळायचं, कोपरे खाली ताणायचे आणि सगळ्यांना बाहेर उभं करून वरून बाटलीभर पाणी ओतायचं. एक थेंब आत आला तरी निकाल ठरलेला: "गळून राहिलं. पुन्हा बांधा." हे रखरखीत उन्हातसुद्धा. इकडे पोळ्या वाळून कडक.

ताई नागपूरच्या. माझे वडील, नाना, नारायण पेठेतले. ते आमच्याबरोबर येत ते मुख्यतः नावं ठेवायला. ताईंचा तो खटाटोप पहिल्यांदा पाहून त्यांनी विचारलं, "मंडप छान आहे. लग्न कुणाचं?"

ताईंनी शांतपणे दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं. "धरा काका. मुलीकडचे तुम्हीच."

एका भाद्रपदात आम्ही तिघंच होतो; डोंगर उतरताना नाना घसरले. घोटा टम्म सुजला आणि वरून पाऊस कोसळू लागला. पायथ्याच्या गावात फोन लागला, पण माणसं वर येईपर्यंत थांबणं भाग होतं. नाना कुडकुडत होते. त्याहून भीती वाटली ती ते काहीच बोलत नव्हते याची. मी त्यांना धरून नुसता उभा. ताईंनी पोंचोची वाऱ्याकडची कड दगडांखाली दाबली, दुसरी जेमतेम बसता येईल इतकी उचलून झुडपांना बांधली. या वेळी बाटली काढली नाही. नानांना आत सरकवलं, मला त्यांच्या पाठीशी बसवलं आणि स्वतः अर्ध्या बाहेर भिजत बसल्या.

बऱ्याच वेळानं नाना म्हणाले, "जरा उंच बांधायला हवं होतं."

माझ्या जिवात जीव आला.

"पाणी आलं का आत?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"मग बसा ना बाप्पा."

गेल्या वर्षी तिकडे त्यांची आई एकटी पडली म्हणून ताई कायमच्या नागपूरला गेल्या. सख्ख्या भावालाही दारापलीकडे न पोचवणारे नाना त्यांना बसपर्यंत सोडायला आले. खिडकीखाली उभं राहून म्हणाले, "आपण चाललात. आता पावसात आम्ही बसायचं कुठं?"



बस वळून दिसेनाशी झाली. मी म्हटलं, "चला, नाना."

"थांब जरा," ते म्हणाले.