कोरी ओळ

शहागडच्या पुलाखाली गोदावरीचं पाणी बाटलीत भरणारा एक माणूस होता. त्यातला गाळ मी वाळवून तोलायचो. उपग्रह ज्या दिवशी नदीचा फोटो काढी, त्याच दिवशीची बाटली लागे. फोटोतला फिकट पट्टा म्हणजे किती गाळ, ते तिच्यावरून कळे. तो माणूस आधी पाणी बोटांत चोळून अंदाज सांगायचा. माझा काटा बहुतेकदा तेच म्हणायचा.

एकदा तापामुळे त्याचा फोटोचा दिवस चुकला. दुसऱ्या दिवशी आमचे साहेब त्याला म्हणाले, "आज भर, कालची चिठ्ठी लाव."

"न्हाई साहेब. कालचं पाणी नांदेडाकडं गेलं. वरून कालचं पाह्यलं, मंग म्या खालून आजचं कसं दाखवू?"

त्या तारखेची ओळ कोरीच राहिली. नव्या माणसाला काम शिकवताना मी नोंदवहीचं तेच पान आधी उघडतो.