साडूंची ग्रंथसंपदा

आमच्या साडूंइतका निरुपद्रवी टीकाकार मराठवाड्यात आजवर झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. लातूरच्या एका शाळेत ते चित्रकलेचे मास्तर होते आणि उरलेल्या वेळात समाजाचे वाभाडे काढत. वाभाडे हा त्यांचाच शब्द. ‘नारळ वाढवा, खड्डा बुजवा’, ‘फीत आणि कात्री’, ‘टँकर पुढे गेला’ अशी त्यांची व्यंगचित्रांची आणि तिरकस लेखांची पुस्तकं एकामागून एक निघत गेली आणि प्रत्येक वेळी त्यांची एकच माफक अपेक्षा असे, की कुणाला तरी राग यावा. कुणीतरी घरी येऊन टेबलावर हात आपटावा, तेवढं नाहीच जमलं तर फोनवर चार शिव्या द्याव्यात. मी त्यांचा धाकटा साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, माहेर लोह्याचं. मी नांदेडला बँकेत होतो. एवढ्या नात्याच्या बळावर त्यांच्या झाडून सगळ्या प्रकाशन समारंभांना मी पहिल्या रांगेत बसलेलो आहे आणि खरं सांगायचं तर आता फार दमलो आहे.

सरांची नजर (त्यांना सगळेच सर म्हणतात, मीही म्हणतो) माणसाच्या चेहऱ्यावर पडली की आधी नाकावर थांबते. ओळख करून दिली की नमस्काराच्या आधी ते समोरच्याचं नाक कागदावर उतरवायच्या तयारीला लागतात. कागद म्हणजे बहुधा लग्नपत्रिकेची कोरी बाजू, त्यामुळे लग्नसराईत त्यांची निर्मिती एकदम वाढते. माझ्या पुतण्यासाठी मुखेडला मुलगी बघायला गेलो तेव्हा जाणतं माणूस म्हणून घरच्यांनी त्यांना पुढे घातलं. मुलीच्या आत्याबाई आम्हाला शेतीपासून आजारपणापर्यंत सगळं विचारत होत्या आणि सर खाली मान घालून बसले होते. काय शालीन पाहुणा आहे, असं तिथल्या मंडळींना वाटत होतं. निघताना आत्याबाईंनी तो कागद मागून घेतला. त्यावर त्याच होत्या, हनुवटी पोटापर्यंत लोंबलेली, हातात तराजू, आणि एका पारड्यात आमचा पुतण्या उकिडवा बसलेला. मी चपला शोधायला लागलो. बाईंनी चित्र लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं, ‘लई झ्याक उतरलंय की’ म्हणाल्या आणि फ्रेम करून आणायला लगेच माणूस धाडला. लग्न जमलं. परतीच्या एसटीत सर कंधार येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

पण आत्याबाई किरकोळ म्हणाव्यात असे त्यांचे खरे वैरी म्हणजे एका कारखान्याचे चेअरमन. वैरी अर्थात एकतर्फी. ‘टँकर पुढे गेला’च्या मुखपृष्ठावर सरांनी त्यांना पाण्याच्या टँकरमध्ये गळ्यापर्यंत बसवून अंघोळ घातली होती आणि बाहेर घागरी घेतलेल्या बायांची रांग काढली होती. आपल्याकडे पुस्तक निघालं की मोठा माणूस बोलवावा लागतो, मोठा माणूस नसेल तर खुर्च्या भरत नाहीत, त्यामुळे प्रकाशनाला चेअरमनच आले. मुखपृष्ठ बघून ते पोट धरून हसले आणि भाषणात म्हणाले, की आमच्या विरोधकांचं इतकं हुबेहूब चित्र मी आजवर पाहिलेलं नाही. पुढच्या पुस्तकाला विरोधकांना बोलावलं, तर त्यांनी सगळी चित्रं चेअरमनची ठरवली. मग सर हट्टाला पेटले. त्यांनी पुढच्या चित्रात चेअरमनचा काळा चष्मा रेखाटला, बोटांतल्या अंगठ्या काढल्या, कानाजवळचा मस काढला, पायाशी त्यांचा कुत्रा काढला आणि त्यांना उसाच्या फडात गोरगरिबांच्या पाठीवर गादी टाकून झोपवलं. आता संशयाला जागा नव्हती. आठवड्याभरात चेअरमनचा फोन आला. सरांनी घसा खाकरून, छाती पुढे काढून तो घेतला. चेअरमनना ते चित्र मोठं करून हवं होतं. वाढदिवसाला चौकात त्याचंच फ्लेक्स लागलं, ‘सदैव जनतेच्या पाठीशी’ असं खाली लिहून. त्या फ्लेक्सखालून सरांना रोज शाळेत जावं लागे.

अशा वेळी ते नांदेडला आमच्याकडे येत, चार दिवस राहत आणि माझा जीव खात. पाव्हणं, मराठवाड्याच्या माणसाला राग यायचाच बंद झाला का, असं विचारत. मी म्हणे, येतो की, पाणी नाही आलं की येतो, एसटी चुकली की येतो. त्यांना ते उत्तर चालत नसे. जाताना ते पुस्तकांचे गठ्ठे ठेवून जात. मी बँकेत आलेल्यांना पुस्तकं दिली, लग्नामुंजीत दिली, वास्तुशांतीला दिली. अखेर अशी वेळ आली, की माझ्या हातात चपटं पुडकं दिसलं की नातेवाईक मांडवाच्या दुसऱ्या दाराने जाऊ लागले. माहूरला देवीच्या दर्शनाला गेलो तेव्हा सरांनी बसमध्ये प्रती वाटल्या. बायांनी त्या प्रतींनी वारा घेतला आणि उतरताना पुस्तक फार उपयोगी पडल्याचं सांगितलं. पुढे व्हॉट्सॲपवर ते रोज पहाटे एक जळजळीत व्यंगचित्र टाकू लागले आणि त्याखाली दुपारपर्यंत सगळे जण हात जोडून शुभ सकाळ म्हणत.

खपलं म्हणावं असं त्यांचं एकच पुस्तक, ‘लाटण्याचं राज्य’. त्यात राजकारण नव्हतं. एक आडवीतिडवी बायको, तिच्या हातात लाटणं, आणि पलंगाखाली दडलेला काडीसारखा नवरा, एवढ्याच भांडवलावर सरांनी शंभरेक पानं भरली होती. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. सरांना स्वतःला त्याची लाज वाटे. ते आपलं गंमत म्हणून केलेलं, बाकीचं काम खरं, असं ते ज्याला त्याला सांगत.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरायला लागला. रेघ सरळ जाईना. सगळ्या पुस्तकांतून निवडून ‘निवडक वाभाडे’ काढायचं ठरलं आणि हे शेवटचं, असं त्यांनीच जाहीर केलं. मला फोनवर म्हणाले, ‘पाव्हणं, आता एवढ्यात तरी कुणाला लागलं पाहिजे. न्हाईतर ही सगळी उमर मी काय करून राहिलो?’ त्यांच्या आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी बायकोला घेऊन लातूरला गेलो. चेअरमन आता थकलेत, म्हणून त्यांचे चिरंजीव आले होते. शाल झाली, नारळ झाला, आणि चिरंजीव म्हणाले की सरांचं लिखाण म्हणजे आमच्या घराण्यावरचं प्रेम आहे. टाळ्या वाजल्या. सरांनी शालीसकट वाकून नमस्कार केला. तो मला बघवला नाही.

संध्याकाळी घरी आलो. सरांनी शाल खुर्चीवर टाकली आणि भिंतीला टेकून बसून राहिले. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, माझी मोठी मेहुणी, खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. अक्का लातूरच्याच एका शाळेत प्राथमिकच्या शिक्षिका होत्या. बाईंचा आवाज मी कधी चढलेला ऐकलेला नाही, वर्गातसुद्धा त्या हळूच बोलत म्हणे. सर पुन्हा तेच बोलायला लागले. एवढी पुस्तकं काढली, एकालासुद्धा राग आला नाही, एकालासुद्धा लागलं नाही.

‘मला आला होता की,’ अक्का म्हणाल्या.

शेंगा सोलणं चालूच होतं. सरांना वाटलं, त्या चेष्टा करतात. त्यांनी विचारलं, कशाचा?

‘लाटण्याच्या पुस्तकाचा. शाळेत बाया मला लाटणंवाली म्हणायच्या. गंजगोलाईच्या बाजारात भाजी घ्यायला गेले की पदर तोंडाला लावून हसायच्या. मी कधी तुमच्यावर आवाज चढवलाय का?’

‘ती तू न्हाईस गं. ती आपली अशीच, कुणाची पण बायको.’

‘नाक माझं हाय. डोईवरचा अंबाडा माझा हाय.’

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवायचं विसरलो. माझी मंडळी बहिणीकडे बघत होती. सर भिंतीपासून पुढे सरकले. मग त्यांनी विचारलं, की तू इतकी वर्षं बोलली का नाहीस.

‘तुम्ही मोठ्या लोकांच्या रागाची वाट बघून राहिले होते,’ अक्का म्हणाल्या. ‘घरातल्याची कुठं बघत होता?’

त्या शेंगांची परडी घेऊन आत गेल्या. ज्या रागासाठी सरांनी जन्म घालवला तो त्यांच्याच स्वयंपाकघरात दोन वेळचं जेवण रांधत बसला होता. सरांचा चेहरा इतका उतरला होता, की त्यांना हवं ते मिळालं, असं मला थट्टेतही म्हणवलं नाही. रात्री जेवताना त्यांनी अक्कांकडे वर मान करून पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर त्यांनी वाभाडे काढणं सोडलं. आता ते रोज अक्कांचं चित्र काढतात. विनोद नाही, लाटणं नाही, आहे तसा चेहरा. आणि तेच त्यांना येत नाही. आयुष्यभर नाकं लांबवलेला हात नेमका नाकाशी आला की आपोआप पुढे जातो, वरून तो थरथरतो. परवा एका लग्नासाठी लातूरला गेलो होतो तेव्हा मी हे प्रत्यक्ष पाहिलं. अक्का अंगणात तुळशीजवळ पाटावर बसल्या होत्या आणि सर समोर वेताच्या मोड्यावर. पायाशी चुरगाळलेले कागद पडले होते. आपण कुणाचं तरी खासगी काही चोरून बघतोय असं वाटून मी दारातच थांबलो. सरांनी एक कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, मान हलवली आणि खाली टाकला. मग, मी दारात आहे हे ध्यानात न येता, अगदी हलक्या आवाजात त्यांनी अक्कांना विचारलं, ‘राग गेला का गं?’

‘न्हाई,’ अक्का म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, ‘पण मी बसते. तुम्ही काढा.’

सरांनी चष्मा धोतराला पुसला आणि नवा कागद घेतला. अक्कांनी अंबाड्यावरून हात फिरवला आणि मान सरळ केली.