डाव्या खांद्याची रायफल

अक्रोडाच्या लाकडाला तेल लावल्यावर सुटणारा ऊबदार, किंचित कडवट गंध त्या दुकानात शिरताक्षणीच माझ्याभोवती दरवळला. बाहेर लीड्सच्या वेशीवरच्या टेकड्यांवर फेब्रुवारीचं पातळ ऊन पसरलं होतं, आणि काचेतून आत झिरपणाऱ्या त्या उजेडात भिंतीवरच्या रायफली ओळीनं शांत उभ्या होत्या.

गेल्या शरदात माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. शस्त्रक्रियेनं दृष्टी वाचली, पण नजरेच्या ऐन मध्यावर एक करडा ठिपका उरला. ज्याच्याकडे पाहावं, नेमकं तेच पुसलं जाई. हॉस्पिटलमधली पाळी संपली की क्लबच्या रेंजवर जाऊन कागदी लक्ष्यावर नेम धरायचा, ही माझ्या चित्ताची विसाव्याची जागा होती. आता नेम डाव्या डोळ्यानं, म्हणजे रायफलही डाव्या खांद्यावर. माझ्या जुन्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे पुढची गोळी भरायला ओढायचा दांडा, मात्र उजव्या अंगाला. दर गोळीनंतर हात पलीकडे नेऊन तो ओढताना निशाणा मोडे, श्वास मोडे, आणि हळूहळू मनही मोडत गेलं. रायफल विकून टाकायची, असं मी ठरवलंसुद्धा होतं.

क्लबमधली माझी मैत्रीण मार्गरेट म्हणाली, "लिव्हर-अ‍ॅक्शन घेऊन बघ. गोळी भरायची कडी मुठीखाली असते, तिला डावं-उजवं ठाऊकच नसतं." घरी मुलीला, मुक्ताला, हे सांगितलं, तर इथंच जन्मलेली ती पोर आपल्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "आई, give up नको करू. डावा बाजू पण तुझाच आहे ना?" तिचं व्याकरण चुकलं होतं, म्हणणं नव्हे.

रायफलीचा परवाना फेरबदल होऊन आला, आणि मुक्ताच मला गाडीतून इथवर घेऊन आली. दुकानदारानं रिकाम्या असल्याची खात्री करून दोन रायफली हिरव्या कापडावर मांडल्या. पहिलीची अष्टकोनी नळी, पितळेची झळाळी, जुन्या दागिन्यासारखा डौल. मी तिच्यावर भाळलेच. पण खांद्याला लावून क्षणभर धरली, तोच तिच्या वजनानं नळी खाली झुकू लागली. दुसरी आखूड, साधी, छोट्या काडतुसाची. दस्ता डाव्या गालाला टेकला तेव्हा लाकूड गार लागलं, परकं नाही. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी स्थिर केली, मुठीखालची कडी पुढे ढकलली, मागे घेतली. माशी जागची हलली नाही.

"हीच," मी म्हणाले.

मार्चमधल्या एका रविवारी रेंजवर पहिल्या गोळ्या कागदाच्या कडेकडेनं भरकटल्या. या नव्या सवयीत मी जेमतेम घोटाभर पाण्यात उतरल्यासारखी होते, आणि तोल जात होता. मग श्वासाची लय डाव्या अंगाला हळूहळू उमगत गेली, विखुरलेली छिद्रं एकमेकांकडे सरकू लागली. मार्गरेट दुर्बिणीतून बराच वेळ पाहत राहिली.

"उन्हाळी स्पर्धेत तुझं नाव देऊ?"

लक्ष्याच्या मधलं काळं वर्तुळ माझ्या छिद्रांपासून अजून दूर होतं. तरी मी म्हटलं, "दे."

त्या संध्याकाळी चहाचा कप उचलताना डावा खांदा ठणकला. त्यावर तळहात ठेवून मी खिडकीशी उभी राहिले. नवशिकेपणाचं हे दुखणं कितीतरी वर्षांत माझ्या वाट्याला आलं नव्हतं.