एका चुलीची माणसं

बी.ए.ला मी समाजशास्त्राचा पेपर घेतला तेव्हा तो विषय नेमका काय असतो हे आमच्या घरात कुणालाच कळलं नव्हतं. मलाही नाही. वर्गात आम्ही मुली तिघी. वडील नाशिकच्या कोर्टात कारकून. ते लोकांना सांगत, "मुलगी समाजसेवा शिकतेय." आत्या म्हणायची, "समाज काय शिकायचा? त्यातच तर राहतो आपण."

प्राध्यापक नवे होते, मुंबईहून आलेले. पुस्तक विलायती, शिकवणं इंग्रजीत. एक दिवस त्यांनी 'फॅमिली'ची व्याख्या फळ्यावर लिहिली. तिचा अर्थ असा, की एका छपराखाली राहणारी आणि एका चुलीवरचं खाणारी माणसं. मग म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत ओळखीबाहेरची घरं गाठा आणि माणसं मोजून आणा."

वडिलांच्या कचेरीतला पट्टेवाला कागद घेऊन घरी यायचा. जुन्या नाशकात, मुसलमान विणकरांच्या मोहल्ल्यात तो राहत असे. ओसरीवर त्याला गाठून मी विचारलं, "तुमच्या कुटुंबात किती जण?"

तो अवघडला. मान खाली घालून म्हणाला, "कुटुंब एकच आहे, ताईसाहेब. आमच्यात चालतं, पण मी दुसरं केलं नाही."

आतून वडील मोठ्याने खाकरले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वडील स्वतःसुद्धा आईबद्दल "आमचं कुटुंब माहेरी गेलंय" असंच म्हणत. माझे कान तापले. पण त्याने राग धरला नाही. "माझ्या बहिणीकडे चला," म्हणाला, "ती सगळं सांगेल."

बहिणीचं घर दोन खोल्यांचं. एका खोलीत हातमागच बसलेला. ती रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. या वेळी मी शब्द जपून वापरले.

"तुमच्या चुलीवर किती माणसं जेवतात?"

"कुठल्या चुलीवर?"

चुली दोन होत्या. तिचा नवरा आणि दीर भांडले, म्हणून वेगळ्या झालेल्या. पण कालवण इकडून तिकडे जायचंच. सासू सकाळी हिच्याकडे जेवायची, संध्याकाळी धाकटीकडे. थोरला मुलगा मालेगावला कुणाच्या तरी मागावर कामाला, तिथेच जेवायचा, सणाला घरी यायचा.

"मग त्याला धरायचं नाही," मी म्हटलं.

तिने रहाट थांबवला. "बेटी, पैदा मी केला. तिथे जेवतो म्हणून त्यांचा झाला?"

मी सहा लिहिले होते. ते खोडून मुलासकट सात केले, मग दिराच्या चुलीवरचे धरून अकरा. सासूचं काय करावं ते कळेना.

"तुमच्या घरी किती?" तिने विचारलं.

"सहा."

"चूल एकच?"

'हो' म्हणता म्हणता मी थांबले. आत्या चौदाव्या वर्षी विधवा होऊन आमच्याकडे आली होती. तिचं सोवळ्यातलं जेवण ती वेगळ्या चुलीवर करायची आणि एकटीच जेवायची. मला लहानाचं मोठं तिनेच केलं होतं. फळ्यावरच्या व्याख्येप्रमाणे आम्ही पाच जण होत होतो.

"दोन," मी म्हटलं.

ती हसली. "मग आपलं सारखंच की."

घरी आल्यावर आईने आधी आंघोळीला पिटाळलं. दुसऱ्या दिवशी आत्या तिचा भात उतरवत होती. सोवळ्यात होती म्हणून मी लांब बसले आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझ्या पुस्तकात मी नाही?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

मी व्याख्या पुन्हा म्हणून दाखवली. तिने भाताचं भांडं खाली ठेवलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "नको घालूस मला. तुझे मार्क जायला नकोत." ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

सुट्टीनंतर तो खाडाखोडीचा कागद मी प्राध्यापकांपुढे ठेवला आणि विचारलं, "सर, आमची आत्या फॅमिलीत येते का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण परीक्षेत व्याख्याच लिही."

मला वाटलं होतं, विद्वान माणूस एका वाक्यात गाठ सोडवेल. त्यांनाही सुटत नाही, हे कळल्यावर मी आणखीच गोंधळले.

परीक्षेत तो प्रश्न आला. मी व्याख्या शब्दशः लिहिली. खाली आत्याबद्दल दोन ओळी घातल्या, त्या खोडल्या, परत लिहिल्या. इंग्रजीत आत्याला शब्दच मिळेना. मावशी, काकू, मामी, सगळ्यांना एकच. शेवटी 'वडिलांची बहीण' असं लांबलचक लिहिलं आणि घंटा झाली.

दुसऱ्या वर्गात पास झाले. त्या दोन ओळी तपासणाऱ्याने वाचल्या की नाही, आणि वाचून त्याने आत्याला आत धरलं की बाहेर, ते मला कधीच कळलं नाही.