पहिला घास शेळीला

झरीच्या रस्त्यानं फिरायला गेलं की एक मावशी बांधावर वाकलेली दिसायची. कुंजीर, पाथरी, घोळ अशी न पेरता उगवलेली भाजी खुडून ओच्यात भरायची. माणसांशी बोलणं कमीच, पाल्याशी जास्त. "तू ये बाई. तू ऱ्हा, लय लहान हायेस अजून."

शेजारच्या कापसावर फवारणी व्हायला लागली, तसा तिनं एक नेम धरला. खुडलेला पहिला मूठभर पाला सोबतच्या शेळीपुढं धरायचा. शेळी निवांत रवंथ करायला लागली, की मगच माझ्या पिशवीत भाजी पडायची. तोवर आम्ही दोघं शेळीकडं बघत बसायचो.

परवा ती एकटीच होती.

"शेळी कुठाय, मावशी?"

"मेली. पल्याडच्या बांधावरचा पाला खाल्ला अन् तितंच आडवी झाली."

मग ओच्यातली चार पानं तिनं स्वतःच्या तोंडात टाकली, सावकाश चावून गिळली आणि बाभळीला टेकून बसली.

"बसा जरा, सर. कळंल आत्ता."

मी रिकामी पिशवी मांडीवर घेतली आणि शेळीकडं बघायचो तसाच तिच्याकडं बघत बसलो.